बालविभागात व्हीआर हेडसेट: जागा आणि स्वच्छता

ग्रंथसेवक, पंचवटी:
वाचनालयाच्या बालविभागासाठी दोन मेटा क्वेस्ट ३एस घेतोय, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी दृश्य बघायचे व्हीआर हेडसेट. खोली १२ बाय १० फूट, पश्चिमेला मोठी खिडकी, भिंतीला काचेची कपाटं. रविवारी मुलांची गर्दी असते. दोन्ही सेट एकदम चालतील का? आणि एकाचा घाम दुसऱ्याला लागू नये म्हणून काय करावं?

गोदाकाठ:
हेडसेट नंतर आणा, आधी खिडकीला जाड पडदा लावा. आतली लेन्स म्हणजे भिंगच. संध्याकाळचं तिरपं ऊन तिच्यातून शिरलं तर काही मिनिटांत स्क्रीन जळते, डाग कायमचा राहतो. वापर नसेल तेव्हा सेट डब्यात. पण खोलीत काळोखही नको. हेडसेट बाहेरच्या कॅमेऱ्यांनी खोली ओळखतो, ट्यूबलाइट चालू हवी. कपाटाच्या काचेत प्रतिबिंब दिसलं की त्याचा गोंधळ उडतो, म्हणून तिथे चादर टाका.
उभ्यानं वापरायला प्रत्येकी साधारण साडेसहा बाय साडेसहा फूट मोकळी जागा लागते. दोघांचे १३ फूट झाले, तुमच्याकडे १२. दोघांनाही बसवूनच दाखवा, खुर्च्या बिनचाकांच्या.

सातपूरकर:
हेडसेटची चेहऱ्याला टेकणारी फोमची गादी घाम शोषते. तिच्यावर सिलिकॉनचं कव्हर चढवा, प्रत्येक सेटला दोन, आलटून पालटून. कव्हर बिनअल्कोहोलच्या वाइपनं पुसा. लेन्सला मात्र फक्त कोरडं मायक्रोफायबर. सॅनिटायझरनं तिचा थर जातो.
मूल ‘अंधुक दिसतंय’ म्हणालं की दोन लेन्समधलं अंतर बघा. ३एसमध्ये तीनच जागा आहेत: ५८, ६३ आणि ६८ मिमी. लहान चेहऱ्याला आधी ५८ लावून बघा. चष्मेवाल्यांसाठी स्पेसर, म्हणजे चष्मा आणि लेन्समध्ये अंतर ठेवणारी चौकट, लावलाच पाहिजे, नाहीतर दोन्ही काचांवर चरे पडतात. १० वर्षांखालच्यांना देऊ नका, कंपनीचीच तशी अट आहे. दहा मिनिटं बघणं, पाच मिनिटं पुसणं, म्हणजे तासाला दोन सेटवर आठ मुलं.

ग्रंथसेवक, पंचवटी:
मनापासून आभार. पांडवलेणी आपणच ३६० अंशांत चित्रित करून दाखवता येतील का?

गोदाकाठ:
जरूर करा, मुलांना आपल्या गावची लेणी दिसली पाहिजेत. स्टँड लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढा. कॅमेरा साडेतीन-चार फुटांवर, बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला, आणि अजिबात हलवायचा नाही. शरीर स्थिर नि दृश्य सरकतंय, असं झालं की मळमळतं. खांब तीन फुटांच्या आत आला तर कॅमेऱ्याच्या दोन लेन्सची चित्रं जुळतात त्या जोडरेषेवर तुटका दिसतो. फाइल आदल्या दिवशीच हेडसेटमध्ये भरून ठेवा.