मदत हवी आहे: कोहा या ग्रंथालय सॉफ्टवेअरमध्ये मराठी पुस्तके शोधात सापडत नाहीत

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात काम करते. दाखलनोंदवही एक्सेलमध्ये उतरवून मार्कएडिट या प्रोग्रॅमने मार्क (ग्रंथनोंदींचा प्रमाणित साचा) नोंदी केल्या आणि कोहात आयात केल्या. नोंद उघडली की शीर्षक, लेखक अगदी स्वच्छ मराठीत दिसतात. पण शोधचौकटीत 'दिवाळी' टाकलं की शून्य निकाल! तीच नोंद बारकोडने लगेच मिळते. इंग्रजी पुस्तकं व्यवस्थित सापडतात.

जुना श्रीलिपी फॉन्टमधला मजकूर आधीच युनिकोडमध्ये बदलला आहे. सीएसव्ही यूटीएफ-८ मध्येच जतन केली होती, मार्क नोंदीच्या लीडरमध्ये (सुरुवातीच्या माहितीओळीत) नवव्या स्थानी 'ए', म्हणजे युनिकोडची खूण आहे. झेब्राचं (कोहाच्या शोधयंत्रणेचं) पूर्ण रीइंडेक्सही, म्हणजे शोधसूची नव्याने बांधणं, करून पाहिलं, फरक नाही.

उबुंटूवर पॅकेजमधून बसवलेलं कोहा, ४ जीबी रॅमचा एकच संगणक, त्यावरच देवघेव चालते. त्यामुळे इलास्टिकसर्च ही दुसरी, जड शोधयंत्रणा झेपेलसं वाटत नाही. वाचक मराठीतच शोधतात, म्हणून रोमन लिपीतली शीर्षकं हा पर्याय मला नकोच.

झेब्राच्या मांडणीत सीएचआर या अक्षरतक्त्यांऐवजी आयसीयू ही युनिकोड हाताळणारी पद्धत लावावी लागते असं वाचलं. देवनागरीसाठी कुणी हा बदल स्वतः केला आहे का? नेमक्या कोणत्या फाइलमधली कोणती ओळ बदलायची, आणि त्यानंतर पुन्हा रीइंडेक्स पुरेल की नोंदी नव्याने आयात कराव्या लागतील?