पुढचं स्प्रॉकेट एक दात वाढवलं की म्हणे "फुकटचा सहावा गिअर"

औसा_रोड
काल एका भावानं टाकलं की दीडशे सीसीच्या बाईकला पुढचं १५ दातांचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारी चकरी, काढून १६ चं बसवलं अन ॲव्हरेज ४० वरून थेट ४८ झालं, "फुकटचा सहावा गिअर आहे, लातूर-नांदेड करणाऱ्यानं डोळे झाकून करावं". खाली पोरांनी अंगठ्यावर अंगठे दिलेत. राहवलं नाही म्हणून लिहायलो. अरे बाबांनो, सहावा गिअर असता तर पहिले पाच जागच्या जागी राहिले असते ना. पुढची चकरी मोठी केली की पहिल्यापासून पाचव्यापर्यंत सगळेच गिअर लांब होतेत. त्याच स्पीडला आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे, सव्वासहा टक्के उतरतो, म्हणजे साडेपाच हजारावर ओरडणारं इंजिन पाच हजार दीडशेच्या आसपास येतंय, हे मान्य. पण चाकाला मिळणारी ओढ पण तेवढीच उतरती, ते कोण सांगणार? ८० चे १०० केले की हवेचा विरोध दीडपटीच्या वर जातो. त्यात समोरून वारं सुटलं, मागं बायको, मधी लेकरू, टाकीवर ज्वारीची पिशवी, की गाडी पाचव्यात कण्हायला लागती अन गुमान चौथा टाकावा लागतो. मग सहावा भेटला का होता तो पाचवा पण गेला? अन सहा टक्क्याच्या बदलातून वीस टक्के ॲव्हरेज कुठून काढलं ते त्यालाच माहीत.

गोदाकाठ_नांदेड
ज्वारीच्या पिशवीवाल्यानं करूच नये ना मग, कुणी जबरदस्ती केली का? मी एकटा जातो. लोहा, अहमदपूर, चाकूर, रोड आता मोकळा झालाय. आधी ८५ ला हँडलला अशा मुंग्या यायच्या की लातूरला उतरल्यावर चहाचा ग्लास धरवत नव्हता. १६ चं टाकलं अन तेच इंजिन शांत. तुमचं गणित तुमच्यापाशी ठेवा, माझी बोटं मला माहीत आहेत.

औसा_रोड
बोटांसाठी केलं म्हणा की मग, ॲव्हरेजच्या गप्पा कशाला हाणता.

मांजरसुंबा_चढ
यांनी कधी बीडकडं गाडी घातली नाही वाटतं. कारखाने चालू झाले की उसाच्या डबल ट्रॉल्या, मागं ना लाईट ना रेडियम. घाटात त्यातली एक पुढं असली की ओव्हरटेकला दणका पाहिजे, शांतता नाही. माझ्या मेव्हण्यानं हेच केलं होतं, पहिल्यात पण हाफ क्लच धरून धरून उचलायचा, शेवटी क्लच प्लेटा बसल्या. पैसे कुणी दिले विचारा. मी.

मोंढा_गॅरेज
मी गॅरेजवाला, माझं पण ऐका. ॲव्हरेज का वाढतं सांगतो. गिऱ्हाईक येतं तेव्हा जुन्या चेन सेटचे (चेन अन दोन्ही चकऱ्या) दात एका बाजूला वाकून आकड्यासारखे झालेले असतेत, चेन लोंबलेली, मागचा ब्रेक धरलेला, टायरात हवा अर्धी. आम्ही नवा सेट टाकतो, ब्रेक मोकळा करतो, हवा भरतो. अन श्रेय सगळं त्या एका दाताला! पुढचा एक दात वाढवणं म्हणजे मागं ४२ ची चकरी असंल तर तिचे अडीच-पावणेतीन दात कमी केल्यासारखं आहे, खेळण्यातली गोष्ट नाही. अन जुन्या चेनीवर नुसती नवी चकरी टाकू नका, ताणलेली चेन नवे दात खाती. एकानं ऑनलाईन मागवून घरीच बसवलं, चेन इंजिनच्या केसिंगला (बाहेरच्या कव्हरला) घासायली हे त्याला कळलंच नाही. खोललं तर आतून चकचकीत रेघ पडलेली अन खाली ॲल्युमिनियमचा भुगा.

गोदाकाठ_नांदेड
गॅरेजवाले तर म्हणणारच, पूर्ण सेट विकायचाय.

मोंढा_गॅरेज
तोंड सांभाळून दादा. तुझी चेन तुटून मागच्या चाकात अडकली तर फोन मलाच करशील.

परभणी_पासिंग
त्या ४८ वाल्याचं मीटर स्पीड गिअरबॉक्सवरून घेतंय का पुढच्या चाकावरून ते विचारलं का कुणी? गिअरबॉक्सवरून असंल तर आता काटा ७५ दाखवंल तेव्हा गाडी खरी ८० ला. किलोमीटर पण कमीच पडणार, मग त्याचं ४८ खरं तर ५१ निघंल. आता तर विमानच म्हणा.

जालनेकर
एवढं हायवे हायवे करायलात, पण खरा हायवे आमच्या शिवारातून गेला अन त्याच्यावर टू-व्हीलरला बंदी. समृद्धी ७०१ किलोमीटर, पण बाईकवाल्यानं पुलाखालून जायचं अन वर बघायचं.

मांजरसुंबा_चढ
बरोबरच आहे बंदी. १२० च्या गाड्यांत तुमची दीडशे सीसी घालून काय करणार?

जालनेकर
मग मोठ्या गाड्यांना तरी सोडा ना. ज्याची बाईक दीडशेला जाती त्याला पण तोच नियम. अन जुन्या रोडनं सिंदखेडराजा-मेहकर करताना खड्डे, म्हशी, उलट्या दिशेनं येणारे, तिथं लोक मरत नाहीत का?

औसा_रोड
भाऊ, धागा चकरीचा आहे.

जालनेकर
चकरी टाकून जायचं कुठं तेच तर विचारायलो!

गोदाकाठ_नांदेड
पहिल्यांदा कुणीतरी मुद्द्याचं बोललं.

परभणी_पासिंग
मोकळ्या माळावर आडवं वारं लागलं की कार पण हलती तिथं. बाईकला परवानगी दिली तर पहिल्याच महिन्यात तुम्हीच बोंब माराल की सरकारनं मारलं.

जालनेकर
वारं काय फक्त समृद्धीवरच सुटतं का हो? जमिनी आमच्या, वारं तुमचं, रोड कारवाल्यांचा. चालू द्या.

औसा_रोड
बरं बाबांनो. एकटा माणूस, सपाट रोड, ऐंशीच्या आसपास एका लयीत चालवणारा, चेन सेट पूर्ण नवा, केसिंगला जागा आहे हे बघून घेतलेलं. एवढं सगळं जमत असंल तर बसवा १६ चं, बोटं सुखी राहतील. फक्त १५ चं भंगारात देऊ नका, बायकोला माहेरी न्यायचा दिवस आला की शोधत फिराल.

गोदाकाठ_नांदेड
एवढंच आधी म्हणला असता तर माझं जेवण गार झालं नसतं.

नवीन_मेंबर_हिंगोली
सगळं वाचलं, लई माहिती भेटली. १६ चं मोंढ्यात भेटंल का ऑनलाईन मागवू?

मोंढा_गॅरेज
गाडी कोणती ते सांग आधी.