थंडीत इंग्लंडला गॅस पुरतो कसा? साठवतात तरी कुठे?

खाडीकाठ_चिपळूण

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा इकडचा नाहीये पण इथे गॅस लायनीवर काम केलेले लोक आहेत म्हणून विचारतोय. माझी मुलगी लीड्सला असते. तिथे जवळपास सगळ्या घरांत गॅसचा बॉयलर, त्यावरच घर गरम आणि त्यावरच आंघोळीचं पाणी, सिलिंडर वगैरे भानगड नाही, सगळं जमिनीखालच्या पायपातून. परवा व्हिडिओ कॉल केला तर मागे खिडकीत बर्फ पडतंय आणि ही अर्ध्या बाह्यांच्या टीशर्टात बसलीय. म्हटलं अगं स्वेटर घाल, तर म्हणे बाबा घरात 20 डिग्री आहे. मग रात्री मला झोप येईना (वयामुळे तशीही येत नाही). एका रात्रीत थंडी वाढली आणि अख्ख्या देशाने एकदम बॉयलर वाढवले तर तेवढा गॅस येतो कुठून? आपल्याकडे आगोट भरतात, लाकडं पडवीत रचून, तांदूळ मिरची मीठ सुकी मासळी सगळं मे महिन्यातच. तसं हे लोक उन्हाळ्यात गॅस भरून ठेवतात का? कशात, टाकीत? आणि कमी पडला तर पहिला कोणाचा बंद करतात? मुलीला विचारलं तर म्हणाली मला काय माहीत, मी फक्त बिल भरते.

अंजनवेलचा_वारा

काका, मी इकडे आपल्या देशातच पाइपलाइनच्या कंट्रोल रूममधे बरीच वर्षं काढली, इंग्लंडला कधी गेलो नाही, पण लाइन ती लाइनच. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आगोटीचं उदाहरण झकास आहे पण ते जर्मनीला पूर्ण लागू पडतं आणि इंग्लंडला अर्धंच. जर्मनीवाले उन्हाळाभर जमिनीखाली गॅस भरत बसतात, वर्षाच्या गरजेचा साधारण पाव हिस्सा मावेल एवढी जागा आहे त्यांच्याकडे. इंग्लंडकडे कडक थंडीत आठवडाभर, फार तर थोडं वर पुरेल एवढीच. कारण साधं आहे, नॉर्थ सीमधे त्यांचा स्वतःचा गॅस निघायचा, थंडी वाढली की नळ थोडा जास्त उघडायचा. ज्याच्या दारात बंदर तो सुकं कशाला भरेल? आता ते समुद्रातलं उत्पादन कमी होत आलंय पण भरून ठेवायची सवय काही लागली नाही.

टाकीत म्हणाल तर गॅस गॅसच्याच रूपात टाकीत ठेवून देश चालत नाही. एक तर रिकाम्या झालेल्या जुन्या गॅसफील्डमधे परत भरतात, नाहीतर जमिनीखालचा मिठाचा थर पाण्याने धुवून गुहा करतात आणि त्यात ठेवतात. यॉर्कशायरच्या किनाऱ्यापलीकडे समुद्राखाली रफ नावाचं फील्ड आहे, आधी त्यातून गॅस काढला आणि 1985 पासून त्यातच भरायला लागले. देशाच्या साठवणीतला 70 टक्क्यांच्या आसपास भाग त्या एकट्यात होता. विहिरी जुन्या झाल्या, दुरुस्ती परवडत नाही म्हणून 2017 ला बंद करायचं ठरवलं. मग 2022 मधे युरोपभर बोंब झाल्यावर ऑक्टोबरात परत उघडलं, तेही जुन्या क्षमतेच्या पाचव्या हिश्श्याएवढंच. म्हणजे मांगर पाडायचा आणि पाऊस लागल्यावर वासे शोधत फिरायचं.

आता पायपाकडे या. त्यांची मेन लाइन साधारण 7600 किमी आहे. त्या पायपात कुठल्याही क्षणी गॅस भरलेला असतोच, सायकलच्या ट्यूबसारखा. ट्यूब तेवढीच पण हवा जास्त मारली की कडक होते ना, तसं. ह्याला आम्ही लाइनपॅक म्हणतो. रात्री लोक झोपले की कॉम्प्रेसर लावून लाइन कडक करून ठेवायची, सकाळी सहा-सातला बॉयलर पेटतात तेव्हा ती ढिली होऊ द्यायची, मग दुपारी परत भरायची. सकाळची आणि संध्याकाळची उसळी बरीचशी ह्यावर निघते. म्हणून कंट्रोल रूममधे ड्यूटी बदलताना कोणी गॅस किती उरला असं विचारत नाही, किती किलो आहे विचारतात, किलो म्हणजे प्रेशर. गॅस एकदम संपत वगैरे नाही हो, आधी प्रेशर पडतं, आणि ते कुठे पडतंय ह्यावरच सगळा खेळ. बरेचदा लाइनीच्या पार शेवटच्या टोकाला पडतं.

आणि मोठी अडचण अशी की गॅस आळशी आहे. मेन लाइनीत तो ताशी 40 किमीच्या आसपास सरकतो, म्हणजे आपली लाल परी परशुराम घाट चढते तसा. वर स्कॉटलंडला सेंट फर्गसला आत घातलेला गॅस लंडनच्या बाजूला जायला जवळजवळ एक दिवस घेतो. मंगळवारी थंडी पडणार असेल तर सोय सोमवारीच लागते. त्यासाठी अंदाज काढतात आणि त्यात नुसतं तापमान धरत नाहीत, वारा किती तेही बघतात आणि काल-परवा किती थंड होतं तेही, कारण दोन दिवस गारठा असला की घराच्या भिंती गार होऊन बसतात, मग तेवढ्याच तापमानाला बॉयलर जास्त ओढतो. लाइन बांधतानाची अटच अशी आहे की वीस वर्षांतून एकदा येईल इतक्या थंड दिवसाला ती पुरली पाहिजे.

गॅस आत घालणारे मात्र वेगळे, ते विकणारे. त्यांचा गॅस डे, म्हणजे हिशोबाचा दिवस, पहाटे 5 ते दुसऱ्या दिवशी पहाटे 5, आपल्याकडे 6 ते 6. विकणाऱ्याने दिवसभरात गिऱ्हाइकाने जेवढा ओढला तेवढा आत घातलाच पाहिजे. कमी घातला तर फरकाला त्या दिवशीच्या चढ्या दराने भुर्दंड. मेन लाइनवाला शेवटी उरलंसुरलं जुळवतो. म्हणजे काका, तुमच्या मुलीच्या हाफ बाह्यांची काळजी कोणी साहेब करत नाही, भुर्दंडाची भीती करते.

नाना_दापोलीकर

हे सगळं ठीक आहे पण खरं कारण कोणी बोलत नाही. इंग्लंडला गॅस रशियातून यायचा, पुतीनने नळ बंद केला म्हणून ह्यांची पळापळ. पेपरात आलेलं सगळं.

अंजनवेलचा_वारा

नाना, ते जर्मनीचं. इंग्लंडचा रशियाकडून येणारा गॅस 2021 ला पण शंभरातले चार भाग सुद्धा नव्हता. त्यांचा मोठा वाटा स्वतःच्या समुद्रातला आणि नॉर्वेचा, नॉर्वेहून समुद्राच्या तळातून लँगलेड म्हणून साधारण 1200 किमीची लाइन थेट यॉर्कशायरला ईझिंग्टनला येते. वरचा तुटीचा भाग एलएनजीच्या, म्हणजे खूप गार करून पातळ केलेल्या गॅसच्या जहाजांवर, कतार अमेरिका वगैरे. पण बाजार एकच ना. जर्मनीला कमी पडलं की तो नॉर्वेच्या आणि जहाजांच्या गॅसवर बोली वाढवतो, मग इंग्लंडला पण त्याच भावाने घ्यावं लागतं. हर्णैला मासळी कमी आली तर दापोलीत पापलेट महाग होणारच, तुम्ही दुसऱ्या बंदरावरून आणलं तरी.

नाना_दापोलीकर

चार टक्के माहीत नव्हतं. बरं. पापलेटाचं पटलं.

सून_शेफील्डची

काकांच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं, पहिला कोणाचा बंद करतात. माझं माहेर देवरुख, आता दहा वर्षं शेफील्डला. पहिला मोठ्या कारखान्यांचा आणि वीजकेंद्रांचा, घरांचा अगदी शेवटी. मला वाटायचं म्हाताऱ्या माणसांची दया म्हणून. मग 2022 च्या डिसेंबरात आमच्या इथे स्टॅनिंग्टन नावाच्या भागात जे झालं ते बघून दुसरं कारण कळलं. पाण्याची मोठी लाइन फुटली आणि पाणी गॅसच्या पायपात घुसलं, साधारण दोन हजार घरं गारठ्यात बंद. लोकांच्या गॅस मीटरमधून पाणी गळत होतं, विश्वास बसणार नाही. माझी एक मैत्रीण तिथेच राहते, दोन पोरांना घेऊन चार दिवस आमच्याकडे होती, एका खोलीत सगळे, रोज रात्री पिठलं भात.

पाणी उपसून झालं तरी लगेच गॅस सोडता येत नाही हे तेव्हा कळलं. आधी माणूस प्रत्येक घरी जाऊन मीटरजवळचा कॉक बंद करणार. सगळे बंद झाल्याची खात्री झाली की लाइन भरणार. मग परत प्रत्येक घरी येऊन पायपातली हवा काढणार, बॉयलर पेटवून बघणार. घरात कोणी नसेल तर परत फेरी. वीज गेली तर एक खटका वर केला की अख्खी वाडी उजळते, गॅसचं तसं नाही, पायपात हवा शिरली आणि कोणाचा तरी कॉक उघडा राहिला तर स्फोटच. दोन हजार घरांना एवढे दिवस लागले तर एखादं मोठं शहर बंद पडलं तर महिने लागतील. त्यापेक्षा चार कारखाने बंद ठेवलेले परवडले. बाकी 20 डिग्री म्हणजे चैन आहे काका, आमच्याकडे 18 च्या वर नवरा हात लावू देत नाही.

बावनदी_पूल

ह्यात 2018 चं पण टाका. 1 मार्चला तिकडे सैबेरियाकडून थंड वारा आला होता, त्याला बीस्ट फ्रॉम द ईस्ट म्हणत होते. एका दिवसाची मागणी 40 कोटी घनमीटरच्या वर गेली आणि नेमकं त्याच दिवशी थंडीनेच दोन-तीन ठिकाणची यंत्रं बंद पडून येणारा गॅस कमी झाला. तुटीचा जाहीर इशारा द्यावा लागला. इशारा म्हणजे लोकांनी बॉयलर बंद करा असं नाही हां, बाजाराला हाक की बाबांनो कोणाकडे असेल तर आणा, दर चांगला मिळेल. दर भडकला, गॅस आला, वीज गॅसऐवजी कोळशाच्या केंद्रांतून जास्त घेतली, दुसऱ्या दिवशी इशारा मागे. आता तो कोळशाचा पर्याय नाही, त्यांचं शेवटचं कोळशाचं केंद्र सप्टेंबर 2024 ला बंद झालं. पवनचक्क्या खूप लावल्यात पण थंडीत वारा पडला की वीजपण गॅसचीच लागते आणि घरं पण त्याच वेळी ओढतात. दोन सासवा एका चुलीवर.

खाडीकाठ_चिपळूण

वा मंडळी, एवढं अपेक्षित नव्हतं. प्रेशरचं वाचून आठवलं, आमच्याकडे सिलिंडर संपत आला की आई त्याच्या खाली गरम पाण्याची परात ठेवायची, की अर्धा तास जोत परत मोठी. म्हणजे तेव्हा पण आत गॅस होता पण प्रेशर पडलेलं, हेच ना?

अंजनवेलचा_वारा

दिसायला तेच पण आतून वेगळं आहे काका. सिलिंडरात एलपीजी, ते आत पातळ असतं, उकळून त्याचा गॅस होतो. उकळायला उष्णता लागते ती सिलिंडरच्याच अंगातून घेतो, म्हणून तो बाहेरून गार पडतो, आणि गार पडला की प्रेशर पडतं. परातीने आई त्याला ऊब द्यायची. लाइनीतला गॅस पातळ नसतोच, तिथे परात ठेवून काही होत नाही, मागून कॉम्प्रेसरनेच ढकलावा लागतो. (आणि ती परात आता कोणी ठेवू नका, धोकादायक आहे.)

वेलदूर_जेटी

आपल्याकडचं उलटं आहे हे पण लिहा कोणीतरी. घरं गरम करायला आपल्याला गॅस लागत नाही, त्यामुळे हिवाळा ही अडचणच नाही. आपली अडचण पावसाळा. आमच्या समोरच दाभोळचा एलएनजी टर्मिनल, 2013 ला सुरू झाला, वर्षाला 50 लाख टनांचा. पण ब्रेकवॉटर (लाटा अडवायचा बांध) अपुरा राहिल्यामुळे कितीतरी वर्षं मे मधे दर्या खवळला की सप्टेंबरपर्यंत जहाजच लागायचं नाही. आमच्या होड्या वर ओढल्या की त्यांचं पण दुकान बंद. लहानपणी मला वाटायचं हे पण आगोट भरत असतील, तर कसलं काय, टाक्या दोन-चार, त्यात पातळ गॅस उणे 160 डिग्रीला ठेवायचा आणि ठेवला तरी थोडा थोडा उकळून जातच राहतो, चार महिने कसा ठेवणार. पण लाइन पनवेल-दहेजकडून पण जोडलेली आहे, त्यामुळे इकडून बंद असलं तरी तिकडून येतो. जमिनीखाली गॅसची मोठी साठवण आपल्या देशात नाहीच, कच्च्या तेलाची आहे, मंगळूर, पाडूर, विशाखापट्टणमला.

मागणीचं पण उलटं. तिकडे जानेवारीत ओढ, आपल्याकडे मे महिन्यात एसी लागले की. 2024 च्या मे-जूनमधे केंद्राने गॅसवरच्या वीजकेंद्रांना सरळ आदेश काढून चालवायला लावलं होतं. आणि 2022 मधे युरोपने जहाजं पळवली तेव्हा आपला भाव पण असा चढला की आपण आयातच कमी केली. म्हणजे तुमची लीड्सची खिडकी आणि आमची जेटी एकाच दोरीला बांधलेली आहे.

मालवणी_मसालो

माका एवढाच कळला. जर्मनी सुके बांगडे भरून ठेवता आणि इंग्लंड रोज सकाळी बंदरार जाता. वारो सुटलो काय मगे बोंब.

खाडीकाठ_चिपळूण

मालवणीभाऊ, हेच मुलीला पाठवलं व्हॉट्सॲपवर. तिचं उत्तर आलं, "बाबा सुके बांगडे कोणी येणार असेल तर पाठवा, गॅसचं राहू दे." देवरुखच्या ताई, तुम्ही जानेवारीत येणार आहात का इकडे, आणि परत जाताना बॅगेत जागा असते का?

सून_शेफील्डची

येतेय 🙂 पण बांगडे नाही नेणार, मागच्या वेळी बॅग उघडली आणि कस्टमवाल्याचं तोंड अजून आठवतंय. कुळथाचं पीठ द्या.