साईटवर पडून मेहुणा जखमी झाला, ठेकेदार सही मागतोय – काय करावं?

घनसावंगीकर

नमस्कार मंडळी. बायकोचा धाकटा भाऊ, वय ३०, पुण्यात वाघोलीकडे एका बिल्डरच्या साईटवर सेंट्रिंगच्या कामाला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये तिसऱ्या मजल्यावरची परांची सुटली आणि तो खाली आला. कमरेचा मणका आणि उजवी टाच मोडली. पहिल्या ऑपरेशनचं बिल ठेकेदाराने भरलं, दुसऱ्याचे पैसे आम्ही उधार-उसनवार करून उभे केले. आता तो गावी आहे. कुबड्यांवर चालतो, वजन उचलवत नाही. हजेरी ७०० रुपये होती, पण ती फक्त मुकादमाच्या वहीत. ओळखपत्र, पगाराची पावती असलं काही नाही.

परवा ठेकेदाराचा माणूस घरी आला. पन्नास हजार घ्या आणि पाचशेच्या स्टॅम्पवर सही करा म्हणाला. कागदावर लिहिलंय की यापुढे आमची काही तक्रार नाही. वर ऐकवलं की पोराने बेल्ट लावला नव्हता, चूक त्याचीच. बिल्डर म्हणतो माणूस ठेकेदाराचा, माझा संबंध नाही. देणेकरी दारात बसल्यामुळे सासरे सही करायला निघाले होते, मी कसंबसं थांबवलंय. कायद्याने काय करता येईल? वकिलाची फी झेपणारी नाही.

दुपारची_सुट्टी

दादा, आधी सासऱ्यांना सांगा की तो कागद घरात नुसता पडून राहू दे. मी कामगार न्यायालयात वकिली करते आणि असे स्टॅम्प नेहमी बघते.

अपघात ऑगस्टमधला आहे, म्हणजे १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागू. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, पण तुमचा हक्क त्याआधीच तयार झालाय.) या कायद्यात मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. कामावर असताना, कामामुळे इजा झाली एवढं दाखवलं की पुरे. रोजंदारीचा माणूस, नाक्यावरून उचललेला माणूस, सगळे यात बसतात.

बिल्डरचं म्हणणं खोटं आहे. कलम १२ प्रमाणे ज्याच्या धंद्याचं काम ठेकेदार करत होता, तो मुख्य मालक भरपाईला जबाबदार असतो. त्याने नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्यांचा आपसातला व्यवहार. म्हणून अर्जात दोघांनाही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करा आणि ठेकेदाराची विमा पॉलिसी असेल तर विमा कंपनीलाही. स्वतःपुरतं घर बांधणाऱ्या माणसाला हे कलम सहसा लागत नाही, पण तुमचा तर बिल्डरच आहे.

बेल्टचं: नुसता हलगर्जीपणा हा मालकाचा बचाव होत नाही. दारू पिऊन काम केलं, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम मुद्दाम मोडला किंवा सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकलं, हे मालकाने सिद्ध करायचं असतं आणि अपघात त्यामुळेच झाला हेही. साईटवर बेल्ट दिले होते का, हेच आधी विचारा. आणि परांचीच सुटली असेल तर ती कोणी बांधली होती?

घनसावंगीकर

ताई, खूप धीर आला. बेल्ट साईटवर दोनच होते आणि ते मुकादमाच्या खोलीत असायचे, असं तो सांगतो. आणखी दोन शंका. सही झालीच तर हक्क जातो का? आणि साधारण रक्कम किती होऊ शकते? सासऱ्यांना आकडा सांगितल्याशिवाय ते ऐकणार नाहीत.

दुपारची_सुट्टी

हक्क सोडून देणारा करार कलम १७ ने रद्दबातल ठरतो. तरीही सही देऊ नका, कारण मग तो कागद पुढे करून वर्षभर वाद घालतात.

आता हिशोब. ७०० हजेरीने महिन्याचे १८,००० च्या पुढे जातात, पण कायद्यात पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात (जानेवारी २०२० पासून). कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर पगाराचे ६० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. वय ३० साठी तो २०७.९८ आहे. ९,००० × २०७.९८ म्हणजे १८,७१,८२० रुपये. डॉक्टरांनी कमाईची क्षमता ४० टक्के गेली असं लिहिलं तर याच्या ४० टक्के, म्हणजे ७,४८,७२८. यावर १२ टक्के साधं व्याज. सबळ कारण नसताना पैसे अडवून धरले तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही लागू शकतो. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मिळतो, म्हणून दुसऱ्या ऑपरेशनची आणि औषधांची बिलं एकही फेकू नका.

सगळी लढाई टक्केवारीवर आहे आणि इथेच लोक फसतात. बोट किंवा पाय तुटला तर टक्के कायद्याच्या परिशिष्टात छापलेले आहेत, मणक्याचे नाहीत. ते डॉक्टरांच्या दाखल्यावर ठरतात. दाखल्यात नुसतं 'अपंगत्व ३५ टक्के' नको; हा माणूस सेंट्रिंगचं काम पुन्हा करू शकेल का, त्याची कमाईची क्षमता किती गेली, हे लिहून हवं. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे प्रताप नारायण सिंह देव खटला होता. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचं नुकसान १०० टक्के धरलेलं न्यायालयाने कायम ठेवलं. तुमच्या वकिलाला हा निकाल माहीत असेलच, तरी आठवण करून द्या.

चौकटराजा

मी थोडं वेगळं सांगतो. माझ्या चुलतभावाच्या बाबतीत कोर्टात वर्षं गेली. घरात खायला नसताना तारखा कोण करणार? दीड-दोन लाखांपर्यंत ताणा आणि मोकळे व्हा.

दुपारची_सुट्टी

चौकटराजा, वेळ लागतो हे खरंच आहे आणि त्याचं वाईटही वाटतं. पण अर्ज दाखल झाल्यावरची तडजोड आणि दारात स्टॅम्प घेऊन आलेल्या माणसाशी केलेली तडजोड यांत लाखांचा फरक पडतो. तडजोड करायचीच तर कराराची नोंद नुकसानभरपाई आयुक्तांकडे करा. महाराष्ट्रात कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच हे काम बघतात. रक्कम अपुरी आहे किंवा फसवून ठरवली आहे असं दिसलं तर ते नोंद नाकारू शकतात.

तारखांसाठी पुण्याला जायचीही गरज नाही. कामगार जिथे नेहमी राहतो तिथल्या आयुक्तांकडेही अर्ज चालतो. मुदत अपघातापासून दोन वर्षं.

वॉर्ड_नंबर_सात

मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होतो. उंचावरून पडलेल्या माणसाची एमएलसी (पोलीस प्रकरण होऊ शकणाऱ्या इजेची रुग्णालयातली नोंद) सहसा होते आणि पोलिसांना कळवलं जातं. पहिल्या रुग्णालयातून तो एमएलसी क्रमांक आणि केसपेपरची प्रत मागा. त्यात 'साईटवर पडला' असं लिहिलेलं असेल तर अर्धं काम झालं. मात्र ॲडमिट करताना ठेकेदाराच्या माणसाने 'घरी जिन्यावरून पडला' असं सांगितल्याची प्रकरणं मी पाहिली आहेत, त्यामुळे वाचून घ्या. गुन्हा नोंदवला गेला नसेल तर ठाण्यात लेखी तक्रार द्या. भारतीय न्याय संहितेत दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याबद्दलचं कलम १२५ आहेच, शिवाय बांधकामातल्या निष्काळजीपणासाठी वेगळं कलम २९० आहे.

हजेरीची वही मिळाली नाही तरी बिघडत नाही. मुकादमाने फोनपेवर उचल पाठवली असेल, साईटवरचे फोटो असतील, सोबतचे दोघं-तिघं बोलायला तयार असतील, ते सगळं चालतं. बिल्डरचं नाव-पत्ता माहीत नसेल तर साईटच्या फलकावरचा महारेरा क्रमांक टिपून घ्या, महारेराच्या संकेतस्थळावर कंपनीचा पूर्ण तपशील सापडतो.

सिन्नरची_सून

त्याची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी आहे का? महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ. कामाचे ९० दिवस दाखवले की नोंदणी होते, दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. नोंदणी चालू असेल तर ७५ टक्के किंवा जास्त कायमच्या अपंगत्वाला २ लाखांची मदत आहे. ती भरपाईतून वजा होत नाही. एजंट हजारो रुपये मागतात, देऊ नका, मंडळाचं शुल्क नाममात्र आहे.

आणि पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापत होते का तेही बघा. तसं असेल तर रस्ता बदलतो, पैसे त्या महामंडळाकडून घ्यावे लागतात.

घनसावंगीकर

ईएसआय नव्हता. मंडळाचं कार्ड आहे, पण नूतनीकरण राहिलं होतं की काय ते बघतो. आकडा ऐकून सासरे खाली बसले आणि पहिल्यांदाच म्हणाले, बघू दे तुझ्या वकिलांना. वकील मिळवायचे कसे तेवढं सांगा. आणि नोटीस कोणाच्या नावाने पाठवू?

दुपारची_सुट्टी

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. उत्पन्नाचा दाखला आणि आधार घेऊन जा, वकील मोफत मिळतो. आधी १५१०० वर फोन केला तरी चालेल. जवळ नोंदणीकृत बांधकाम कामगार संघटना असेल तर तिचा पदाधिकारीही आयुक्तांपुढे बाजू मांडू शकतो.

नोटीस मेहुण्याच्याच नावाने आणि सहीने. अपघाताची तारीख, ठिकाण, कारण, काय इजा झाली, ठेकेदार आणि बिल्डर दोघांची नावं. स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, दोघांना वेगवेगळी. अजून वकील मिळाला नसला तरी नोटीस या आठवड्यातच टाका.