नाशिक महापालिकेच्या निवडणुकीत कंपन्यांचा पैसा चालू द्यावा का?

गंगापूररोडकर
माझं मत स्पष्ट आहे. जी कंपनी महापालिकेचे ठेके घेते किंवा जिच्या इमारतींचे नकाशे पालिकेत मंजुरीला जातात, तिला पालिकेच्या निवडणुकीत देणगी द्यायला बंदीच हवी. लोकसभेत एका विधेयकावर शेकडो खासदार मत देतात. इथे स्थायी समितीत 16 जण बसतात आणि मोठ्या निविदा त्यांच्यापुढे येतात. सोळा जणांना सांभाळणं मोठ्या ठेकेदाराला काय जड? त्यात 2027 चा सिंहस्थ कुंभमेळा, म्हणजे रस्ते, पूल, मलनिस्सारण, साधुग्राम अशी कामंच कामं. आणि उमेदवाराचा खर्चाचा हिशोब येतो निकालानंतर 30 दिवसांत! गुलाल उधळून झाल्यावर तो वाचून मतदाराने करायचं काय?

अंबडचा वर्कशॉपवाला
दादा, बंदीने पैसा थांबत नाही, चेकचा रोख होतो. आज निदान कंपन्यांनी पक्षांना द्यायच्या देणग्यांसाठी कंपनी कायद्याचं कलम 182 आहे. संचालक मंडळाचा ठराव लागतो, रोख चालत नाही, तीन वर्षं न झालेली कंपनी देऊच शकत नाही. सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा 2017 मध्ये उठवली होती. सुप्रीम कोर्टाने निवडणूक रोखे, म्हणजे नाव जाहीर न करता पक्षाला देणगी द्यायची सोय, रद्द केले (15 फेब्रुवारी 2024), त्याच निकालाने ती मर्यादा परत आली. आम्ही एमआयडीसीवाले पालिकेला घरपट्टी भरतो, तरी पावसाळ्यात गेटसमोर गुडघाभर पाणी. नगरसेवक कोण असावा यात आम्ही बोलायचंच नाही का?

गंगापूररोडकर
बोला की! मत द्या, स्वतःच्या खिशातून वर्गणी द्या. मताचा हक्क माणसाला आहे, कंपनीला नाही. आणि एखाद्या बड्या बिल्डरच्या नफ्याचे साडेसात टक्के म्हणजे किती होतात, याचाही हिशोब करा.

सीए इंदिरानगर
तुम्ही दोघं चेकवरून भांडताय, पण प्रभागात खरा पैसा चेकने येतच नाही. तो डिझेल, गाड्या, मांडव, जेवणावळी होऊन येतो. मी एका अपक्षाची खर्चाची वही लिहिली आहे. वेगळं बँक खातं, रोजची नोंद, चहा, वडापाव, खुर्ची, फ्लेक्स सगळं ठरलेल्या दरपत्रकाप्रमाणे. त्याच प्रभागात दुसऱ्या एकाकडे रोज सकाळी मिसळीच्या पंगती उठायच्या. नंतर त्याचा हिशोब पाहिला तर चहा-बिस्किटं! हिशोब दिलाच नाही तर तीन वर्षं अपात्र ठरवता येतं, म्हणून हिशोब सगळेच देतात. तो खरा आहे का, हे तपासायला माणसं कुठे आहेत? कलम 182 मध्ये पक्षाच्या स्मरणिकेतली जाहिरातसुद्धा देणगी धरली आहे. तसंच दुसऱ्याने भरलेलं मांडवाचं बिल उमेदवाराच्या नावावर पडलं पाहिजे, आणि प्रचार चालू असतानाच.

पंचवटीकरीण
ताईंचं पटलं. पण सरसकट बंदी आली तर आमच्यासारख्या बायकांनी लढायचं कसं? अर्ध्या जागा महिलांना आहेत. शहरात 31 प्रभाग, 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 14 लाख 86 हजार, म्हणजे प्रभागाला सरासरी 48 हजार माणसं. बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. एवढ्या घरांत नुसतं पत्रक पोचवायचं तरी छपाई आणि वाटणाऱ्या पोरांचा खर्च आहे. ज्याच्या घरात पैसा आहे त्याला बंदीने काहीच फरक पडत नाही. माझं म्हणणं, मतदानाच्या दोन दिवस आधी प्रत्येकाने देणगीदारांची नावं जाहीर करावीत, उमेदवाराने आणि त्याच्या पक्षानेही. शपथपत्रं आधी वाचायला मिळतात, मग ही यादी का नको?

अंबडचा वर्कशॉपवाला
यादीला माझी हरकत नाही. माझं नाव लागलं तरी चालेल.

गंगापूररोडकर
यादी हवीच, पण ठेकेदारांवरची बंदी मी सोडणार नाही. पालिकेच्या ठेक्यात हितसंबंध असलेला माणूस नगरसेवक राहू शकत नाही, हे महापालिका अधिनियमाच्या कलम 10 मध्येच आहे. मग त्याच ठेकेदाराच्या पैशावर निवडून आलेला कसा चालतो?

अंबडचा वर्कशॉपवाला
आणि ठेकेदाराने मेव्हण्याच्या नावाने पैसे दिले तर?

सीए इंदिरानगर
म्हणूनच म्हणते, आधी वह्या तपासायला माणसं नेमा. दर प्रभागाला एक लेखापरीक्षक, अर्ज भरल्यापासून मतदानापर्यंत.