रहस्यकथा, तपासकथा की गुन्हेकथा? पाटीवर काय लिहावं

पोथीवाली, अंबाजोगाई
आमच्या वाचनालयातल्या एका कपाटावर पत्र्याची पाटी आहे : 'रहस्यकथा'. त्यात बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आहे, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद आहे, आणि अलीकडं आलेली स्वीडिश, जपानी, इंग्रजी कादंबऱ्यांची भाषांतरंही तिथंच कोंबलीत. परवा एक काका पुस्तक परत करताना तणतणले, "यात रहस्य कुठंय? खून कुणी केला ते सुरुवातीलाच सांगून टाकलंय!" पुस्तक मात्र एका रात्रीत संपवलं होतं त्यांनी. रहस्य नसलेल्या रहस्यकथेला म्हणायचं तरी काय? 'गुन्हेगारी कादंबरी' लिहावं तर कादंबरीच नुकती जामिनावर सुटून आल्यासारखी वाटते. नव्या पाट्या रंगवायच्यात. पेंटर अक्षरावर पैसे घेतो, तेव्हा शब्द आटोपशीर सुचवा.

निवृत्त रायटर, परभणी
ताई, मी पोलीस ठाण्यात रायटर होतो. पंचनामे अन् जबाब लिहिण्यात नोकरी गेली. आमच्या कागदात 'रहस्य' कधी आलं नाही. 'अज्ञात इसमाने अज्ञात कारणावरून' एवढ्यावर भागायचं. माझं म्हणणं, नाम सोडा, आधी क्रियापदं बघा. तपास करतात तेव्हा हाती काही नसतं. तपास लागला म्हणजे माणूस हाती आला. सुगावा दोन्ही बाजूंना लागतो. 'पोलीस आल्याचा सुगावा लागताच आरोपी पसार झाला' हे वाक्य माझ्या हाताला पाठ होतं. मागमूस आणि थांगपत्ता हे दोन शब्द नकाराशिवाय घराबाहेर पडत नाहीत. 'मागमूस लागला' असं कुणी म्हणलेलं ऐकलंय का?

आता तक्रार. भाषांतरवाले 'क्लू'ला सरसकट सुगावा लिहायलेत. एका पुस्तकात वाचलं, 'त्याला टेबलाखाली एक सुगावा सापडला.' सुगावा टेबलाखाली पडत नसतो हो. तिथं बटण पडतं, केस पडतो, बसचं तिकीट पडतं. त्यावरून सुगावा लागतो. सापडते ती खूण, नाहीतर धागा.

नांदेडची वाचक
काका, क्रियापदांचं एकदम पटलं, कारण हल्लीच्या कादंबऱ्यांची गंमत त्यांनीच वेगळी करता येते. जुन्या पठडीत शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून उलगडा व्हायचा. ती खरी रहस्यकथा, आणि 'रहस्य' शब्द तिलाच शोभतो. जपानी लेखक केइगो हिगाशिनोच्या 2005 सालच्या गाजलेल्या कादंबरीत खून आपल्या डोळ्यांदेखत होतो. पुढची सगळी ओढ आहे ती, लपवलेलं कसं लपवलंय आणि बिंग फुटणार का, याची. ताईंचे काका बहुधा असंच काही वाचून चिडले. स्वीडनच्या माय श्योवाल आणि पेर वालो या जोडप्यानं 1965 ते 1975 मध्ये दहा कादंबऱ्या लिहिल्या. त्या मालिकेचं स्वीडिश नाव मराठीत आणलं तर होईल 'एका गुन्ह्याची कादंबरी'. त्यांच्या नावातसुद्धा रहस्य नाही! पोलिसांचा सर्दी-खोकला, वरिष्ठांची कटकट, महिनोन्महिने न हलणारी फाईल, आणि त्याआडून समाजाचा उभा छेद. नॉर्डिक, म्हणजे उत्तर युरोपातल्या गुन्हेकथा, म्हणून जे पुढं जगभर खपलं त्याचं मूळ बरंचसं तिथं आहे. तिसरा प्रकार घरातला : नवरा-बायको दोघंही आपल्याला आपापली हकीकत सांगतात आणि दोघंही खोटं बोलत असतात. तिथं कुणी छडा लावायला येत नाही, वाचकालाच पाणी कुठं मुरतंय ते बघावं लागतं. मला सगळ्यात हाच प्रकार आवडतो, झोप मात्र उडते.

उदगीरकर
इटलीत या कादंबऱ्यांना 'जाल्लो' म्हणजे पिवळी म्हणतात. मोंदादोरी या प्रकाशकानं 1929 मध्ये पिवळ्या वेष्टनाची माला काढली, तेव्हापासून. ताई, आपल्याकडं कपाटावर 'पिवळी पुस्तकं' लिहून बघा. आठ दिवसांत कपाट रिकामं अन् तुम्हाला नोटीस.

मास्तर, संभाजीनगर
गुप्तहेरकथा हा शब्द कुणी काढायच्या आधीच सांगतो, तो आता पेन्शनीत काढा. हेर हा राज्याचा माणूस. बहिर्जी नाईक हेर होते. ते खुनाचा तपास करत नव्हते. खासगी डिटेक्टिव्हला 'गुप्तहेर' म्हणल्यामुळं आपल्याकडं तो वेषांतर करतच अवतरला आणि बरीच वर्षं तसाच राहिला. आताचा नायक म्हणजे बदलीला वैतागलेला एपीआय, नाहीतर जिल्हा आवृत्तीचा बातमीदार. त्यात गुप्त काही नाही, हेर तर नाहीच.

आमच्या भागात या वाचनाला आणखी एक वाट होती. निजामाच्या काळात शाळेत उर्दू शिकलेली आजोबांची पिढी उर्दू लेखक इब्ने सफी वाचायची. अलाहाबादहून 1952 पासून 'जासूसी दुनिया' निघू लागली, 1955 मध्ये त्यांचा दुसरा नायक इम्रान आला. घरात मराठी बोलणारे लोक 'जासूसी नॉव्हेल' हाच शब्द वापरत. हाच जासूस जुन्या मराठी कागदपत्रांत 'जासूद' होऊन भेटतो, पण तिथं तो बहुतेक वेळा टपाल घेऊन धावत असतो.

पोथीवाली
मास्तर, मजा आली. मग 'तपासकथा' लिहू का? पण निवृत्त म्हातारे-म्हाताऱ्या चहा पिता पिता खुनाचा छडा लावतात, अशाही इंग्रजी कादंबऱ्या आहेत माझ्याकडं. मागणी तर त्यांनाच जास्त.

लातूरचा अनुवादक
म्हाताऱ्यांनी केला तरी तो तपासच की! वर्दी कशाला पाहिजे? मला स्वतःला मात्र 'माग' हा शब्द जवळचा वाटतो. जुन्या गावगाड्यात चोरी झाली की गावचा राखणदार, आपल्याकडचा जागल्या, पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जायचा. माग पुढच्या गावच्या हद्दीत शिरला की जबाबदारी त्या गावावर. तिथल्या राखणदारानं तो पुढं नेला तर सुटका, नाहीतर भरपाई त्यांच्या गळ्यात. म्हणजे दोन राखणदार शिवेवर उभे राहून एका पावलाच्या ठशावरून भांडतायत, की हा ठसा जाणाऱ्याचा की येणाऱ्याचा! कादंबरीचं पहिलं प्रकरण आयतं तयार आहे, आणि आपण धुक्यातलं लंडन उसनं आणतो.

आपल्या मातीतला गुन्हा लिहायचा तर शब्दही इथलेच लागतात : बांध, भावकी, वाटणीपत्र, ऊसतोडीची उचल. बीडकडं 'कोयता' म्हणजे तोडणीला जाणारी नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. 'रात्री वीस कोयते गाडीत बसून निघाले' हे वाक्य धारूरचा माणूस डोळे मिटून वाचेल, पुण्याचा वाचक दाराला कडी लावेल. आणि त्याच कादंबरीत पंचनाम्यात 'एक लोखंडी कोयता, लाकडी मूठ' आला की शब्दाचे दोन्ही अर्थ समोरासमोर. असला खेळ भाषांतरात कुठून आणणार?

'रेड हेरिंग'ला, म्हणजे वाचकाला मुद्दाम भलत्या वाटेला लावणाऱ्या खुणेला, लोक काय काय लिहितात, लाल मासा सुद्धा वाचलाय मी. आपला 'चकवा' आहे ना. रात्री रानातून निघालेला माणूस फिरफिरून त्याच लिंबाखाली येतो तेव्हा चकवा लागला म्हणतात. लेखकानं चकवा द्यावा, वाचकाला तो लागावा. अट एवढीच की खऱ्या खुणा आधीच पानावर हव्यात. जपानी लोक अशा प्रामाणिक कोड्याच्या कथेला 'होनकाकु', म्हणजे अस्सल, म्हणतात. शेवटच्या पानावर अचानक जुळा भाऊ काढणं याला चकवा म्हणू नये, ती फसवणूक झाली.

नांदेडची वाचक
जुळा भाऊ! एक पुस्तक भिंतीवर फेकलं होतं त्यापायी.

पोथीवाली
ठरलं. दोन पाट्या : 'रहस्य' आणि 'गुन्हा व तपास'. पहिल्या कपाटात कोण केलं ते शोधायची पुस्तकं, दुसऱ्यात बाकी सगळी. नवरा-बायकोवाली कुठं ठेवायची यावर आमच्या शिपाई मावशींचं मत आलंय, त्या म्हणतात सरळ 'कौटुंबिक'मध्ये टाका.

कॉलेजवाला, हिंगोली
मी पण एक लिहायलो. नाव ठेवलंय 'तीनशेदोन'. कसं वाटतं? नायक सेनगावचा नवा पीएसआय आहे, 2025 सालची गोष्ट.

निवृत्त रायटर, परभणी
नाव झकास, पण बाळा, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाला आता कलम 103. तुझ्या पीएसआयनं 2025 मधल्या खुनाला 302 लावलं तर कोर्टात पहिल्या तारखेलाच हसं होईल. खून जुना असेल अन् प्रेत आता आडात सापडलं असेल, तर 302 चालतंय, कारण कलम घटनेच्या तारखेवरून ठरतं. तेव्हा आधी खून कधी झाला ते ठरव. आणि पंचनाम्याला दोन पंच उभे कर. हल्लीच्या पुस्तकात साहेब एकटेच जातात अन् एकटेच उरकून येतात.