जुन्या डिझेल जीपमध्ये तळणीचे तेल चालेल का?

घाटवाट, भोर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९९४ सालची महिंद्रा एमएम ५४० जीप आहे आणि तिच्यात प्यूजोचे २११२ सीसीचे मूळ इंजिन अजून शाबूत आहे. आमचे शेत डोंगरउतारावर आहे. पावसाळ्यात फोर बाय फोर टाकल्याशिवाय तिथवर काहीच पोहोचत नाही, म्हणून ही गाडी विकण्याचा विचार मी कधी केला नाही. थोरल्या भावाची महामार्गालगत खानावळ आहे. तिथे महिन्याकाठी ४० ते ४५ लिटर तळणीचे तेल उरते, त्यात बहुतांश पामतेल असते आणि थोडे सोयाबीन. गेल्या मे महिन्यात मी ते सुती कापडातून गाळले, १० लिटर डिझेलला १ लिटर या प्रमाणात मिसळले आणि दोन टाक्या चालवल्या. काही त्रास जाणवला नाही. जवळच्या एका गॅरेजवाल्याने तर सांगितले की जुने इंजिन काहीही पचवते, निम्मे तेल घाला. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते, हेही वाचले आहे. मग मी नुसत्या तेलावर जीप चालवू शकेन का? वेगळी टाकी बसवावी लागेल का? ज्यांनी प्रत्यक्ष हे केले आहे किंवा अशी इंजिने उघडली आहेत, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

पंपदुरुस्ती, सातारा

मी २७ वर्षे इंजिनात डिझेल ढकलणारे पंप आणि ते सिलिंडरमध्ये फवारणारे नॉझल यांच्या दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे जे हाताखालून गेले तेवढेच सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एमडीआय, म्हणजे महिंद्राच्या थेट फवारणीच्या इंजिनची जीप आली होती. मालकाने पाच-सहा महिने तिच्यात निम्मे तळणीचे तेल आणि निम्मे डिझेल घातले होते, आणि गाडी चढाला ओढत नाही एवढीच त्याची तक्रार होती. नॉझल काढले तेव्हा प्रत्येकाच्या टोकाला करंगळीच्या नखाएवढी काळी, दगडासारखी कडक कार्बनची टोपी चढलेली होती. चांगले नॉझल टेस्टरवर लावून दांडा दाबला की करकर आवाज होऊन धुक्यासारखा फवारा सुटतो. या नॉझलमधून धार लागत होती आणि शेवटी थेंब लोंबत होता. फवारा नीट झाला नाही की तेल अर्धवट जळते, ते सिलिंडरच्या भिंतीवरून पिस्टनच्या रिंगांच्या खाचांत शिरते, रिंगा चिकटतात आणि तेच तेल खाली ऑइल चेंबरमध्ये उतरते. तिथे ते इंजिन ऑइलमध्ये मिसळून आटू लागते. त्या जीपचा ड्रेन बोल्ट उघडल्यावर ऑइल लगेच वाहिलेच नाही, नंतर काकवीसारखे लोंबत लोंबत आले. मालकाला शेवटी इंजिनचे पूर्ण काम काढावे लागले. डिझेलवर वाचवलेले पैसे त्यात केव्हाच गेले.

हे सगळे तेलाच्या घट्टपणामुळे होते. ४० अंश सेल्सियसला डिझेलची स्निग्धता, म्हणजे घट्टपणा, साधारण २ ते ४.५ सेंटिस्टोक (घट्टपणाचे एकक) असते, तर खाद्यतेलाची ३५ ते ४० च्या घरात, म्हणजे जवळजवळ दहापट. पॅरिसच्या त्या इंजिनाचा दाखला आपल्या गाडीला लागू पडत नाही, कारण त्या काळी इंधन दाबाच्या हवेने सिलिंडरमध्ये फवारले जाई. आपल्या गाडीत पंपाचा दाब आणि नॉझलचे बारीक छिद्र यांवर सगळे अवलंबून आहे.

तुमच्या बाजूने एक गोष्ट नक्की आहे. प्यूजोच्या इंजिनात इंधन थेट पिस्टनवर न पडता आधी छोट्या तापलेल्या चेंबरमध्ये पडते आणि तिथे जळायला लागते. त्यामुळे एमडीआयसारख्या थेट फवारणीच्या इंजिनापेक्षा ते घट्ट तेल जास्त सहन करते. परंतु सहन करणे वेगळे आणि पचवणे वेगळे, हे त्या गॅरेजवाल्याने तुम्हाला सांगायला हवे होते. पंप रोटरी असेल तर त्याच्या आतल्या भागांना वंगण इंधनाचेच मिळते. थंड सकाळी घट्ट तेल ओढताना त्याच्यावर फार ताण येतो, आणि तेलात पाणी असेल तर गंज चढून तो जाम होतो. इनलाइन पंपाच्या खालच्या भागाला इंजिन ऑइल मिळते, म्हणून तो जरा दणकट, पण त्याचे प्लंजरही, म्हणजे इंधन ढकलणारे दट्टेही, स्वच्छ इंधनच मागतात.

डोंगरी_लँडरोव्हर, लेस्टर

मी मूळचा नाशिकचा, आता इंग्लंडमध्ये असतो. इथे वर्षाला २,५०० लिटरपर्यंत असे इंधन स्वतः बनवून वापरणाऱ्याला २००७ पासून इंधनकर भरावा लागत नाही, त्यामुळे जुन्या लँड रोव्हरवाल्यांत हा प्रयोग पुष्कळ झाला. माझी गाडी ३०० टीडीआय इंजिनची होती आणि मी तिला दोन टाक्यांची पद्धत बसवली होती. एका टाकीत डिझेल आणि दुसरीत तेल असे. रेडिएटरकडे जाणाऱ्या गरम पाण्याची एक फांदी तेलाच्या टाकीतून आणि फिल्टरभोवतून फिरवलेली होती. गाडी नेहमी डिझेलवरच सुरू करायची, तेल ७० ते ८० अंशांपर्यंत तापले की कॉक फिरवून तेलावर घ्यायची, आणि मुक्काम यायच्या काही मिनिटे आधी पुन्हा डिझेलवर आणून पंप आणि नळ्या धुऊन काढायच्या. त्या तापमानाला तेलाची स्निग्धता मूळच्या साधारण एक तृतीयांशावर येते, म्हणून फवारा बऱ्यापैकी जमतो. एकदा घाईत शेवटचे डिझेलवर आणणे विसरलो आणि हिवाळ्यातल्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काही केल्या सुरू होईना. पंपात आणि नळ्यांत तेल थिजून बसले होते.

बसवायचेच असेल तर तांब्याची नळी आणि जस्ताचा मुलामा दिलेली टाकी टाळा. तांब्यामुळे तेल लवकर खराब होते आणि जस्ताशी तेलातल्या आम्लांचा साबण तयार होऊन फिल्टर तुंबतो. जुन्या रबरी नळ्या फुगतात, त्या व्हायटॉनच्या, म्हणजे तेलाने न फुगणाऱ्या रबराच्या, घ्याव्या लागतील. इंजिन ऑइल मी ठरलेल्या अंतराच्या निम्म्यावरच बदलत असे.

आता माझा तुम्हाला एक प्रश्न आहे, कारण सगळे त्यावर ठरते. एका फेरीत तुमची गाडी किती चालते? माझे रोजचे जाणे ३५ मैलांचे होते, म्हणून ही सगळी खटपट मला परवडली.

रसायन_शिक्षक, सांगली

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. तेलाच्या बाजूने थोडी भर घालतो. पामतेलात संपृक्त मेदाम्ले जास्त असल्यामुळे ते ऑक्सिडीकरणाने चिकट होण्याच्या बाबतीत सोयाबीनपेक्षा बरे, पण थंडीत ते लवकर थिजते, आणि भोरच्या डोंगरात डिसेंबरची पहाट कशी असते हे तुम्ही जाणताच. सुती कापडाने फक्त भज्यांचा चुरा अडतो. तेल निदान आठवडाभर स्थिर ठेवावे, वरचे निवळलेले काढून घ्यावे आणि मग बारीक फिल्टरमधून गाळावे. पाणी ओळखायला तापलेल्या तव्यावर चार थेंब टाकून पाहावेत. तडतडले तर पाणी आहे.

रासायनिकदृष्ट्या योग्य मार्ग बायोडिझेलचा आहे. मिथेनॉल आणि कॉस्टिक पोटॅश यांच्या साहाय्याने तेलातले ग्लिसरीन वेगळे केले की उरलेल्या द्रवाची स्निग्धता डिझेलच्या जवळ येते. १०० लिटर तेलाला साधारण २० लिटर मिथेनॉल लागते. मात्र हे काम घराच्या पडवीत कोणीही करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मिथेनॉल विषारी आहे, त्याची वाफ चटकन पेट घेते आणि त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. शिवाय वापरलेल्या तेलातले आम्ल मोजल्याशिवाय पोटॅशचे प्रमाण ठरवता येत नाही, आणि ते चुकले की बायोडिझेलऐवजी साबण होतो.

कायद्याचेही पाहावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, आणि इंधनबदलाचा संच ठरवून दिलेल्या अटींवरच बसवता येतो. म्हणून दुसरी टाकी बसवण्याआधी आरटीओत लेखी विचारणा करावी. खानावळीच्या तेलालाही नियम आहेत. तेलातली ध्रुवीय संयुगे, म्हणजे पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तळणीला वापरता येत नाही, आणि असे तेल बायोडिझेलसाठी गोळा करण्याची योजना अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली सुरू केली आहे. तुमच्या भावाला तेथील नोंदणीकृत संकलकाकडे ते रीतसर विकता येईल.

घाटवाट, भोर

सर्वांचे मनापासून आभार. लेस्टरच्या दादांच्या प्रश्नानंतर मी आठवडाभर नोंद ठेवली. शेत ते बाजार ६ किलोमीटर, परत तेवढेच, आणि मध्ये दोन-तीन तास गाडी उभी. तापमानाचा काटा जागेवर येईपर्यंत बाजार जवळ आलेला असतो, म्हणजे तेलावर घ्यायला मला जेमतेम दोन किलोमीटर मिळतील. तव्यावरची परीक्षाही केली, तेल चांगलेच तडतडले. त्यामुळे दुसऱ्या टाकीचा विचार सोडला आहे आणि भाऊ तेल संकलकाला देणार आहे. पंपदुरुस्तीवाल्या काकांना एकच विचारतो. मे महिन्यातल्या त्या दोन टाक्यांनी काही बिघडले असेल का, आणि आता काय पाहून घ्यावे?

पंपदुरुस्ती, सातारा

एवढ्या प्रमाणात आणि मे महिन्याच्या उन्हात फार नुकसान झाले नसावे, पण पाणी निघाले आहे म्हणून दुर्लक्ष करू नका. डिझेल फिल्टर बदला, टाकीचा तळाचा बोल्ट उघडून खालचे लिटरभर काचेच्या बरणीत काढा आणि रात्रभर ठेवून तळाशी पाणी साचते का ते पाहा. इंजिन ऑइलची तारीख जवळ आली नसली तरी ते बदलून टाका. चारही नॉझल काढून टेस्टरवर लावून घ्या. धार दिसली तर नॉझल बदला, आणि धुके दिसले तर नवीन वॉशर घालून तेच परत बसवा.